पॉइंट संपवायला कोइमतूरला

हल्ली आमच्या सोसायटीत कुणी फिरायला जात नाही. क्रेडिट कार्डाचे पॉइंट संपवायला जातात. आमचे नाना मध्यंतरी कोइमतूरला जाऊन आले. तिथे काय पाहिलंत, असं विचारलं तर म्हणाले, "पॉइंटवर सीट तिथलीच होती." कोइमतूरला त्यांचं कुणी नाही, काही काम नाही, कुलदैवतही नाही. पण तिकीट फुकट होतं. म्हणजे कर आणि शुल्कं रोख भरून फुकट. शिवाय हॉटेल, टॅक्सी आणि काकूंच्या दोन साड्या धरायच्या नाहीत.

नाना मुळात असे नव्हते. रेल्वेत साठीच्या पुरुषाला 40 टक्के आणि अठ्ठावन्नच्या बाईला 50 टक्के सवलत असायची. त्या सवलतीकडे डोळे लावून नानांनी उभी नोकरी काढली. त्यांना साठ पुरी झाली 2020 च्या एप्रिलमध्ये आणि सवलत बंद झाली मार्चमध्ये. करोना गेला, मास्क गेले, सवलत काही परत आली नाही. सरकारनं जे काढून घेतलं ते बँकेकडून वसूल करायचं, असा पण नानांनी तेव्हापासून केला आहे.

वसुलीचा हिशेब वहीत असतो. शंभर रुपये खर्चले की दोन पॉइंट, एका पॉइंटचे पंचवीस पैसे. पाच हजारांचं तिकीट सुटायचं तर दहा लाख खर्चावे लागतात. पेन्शनर माणूस दहा लाख आणणार कुठून? अर्थात दुसऱ्यांकडून. दहा जण जेवायला गेलो की बिलाची बडीशेप टेबलावर यायच्या आत नानांचं कार्ड बाहेर. "मी भरतो, तुम्ही मला जीपे करा." भाचीच्या लग्नात अंतरपाट धरायची वेळ झाली तरी मामांचा पत्ता नाही. मामा केटररच्या मशीनपाशी. केटरर म्हणाला, कार्डावर दोन टक्के जास्त पडतील. ते दोन टक्के नानांनी मेव्हण्यांना सोसायला लावले आणि अर्ध्या टक्क्याचे पॉइंट स्वतःच्या खात्यावर घेतले. एवढं बिल मामानं भरलं म्हणून मुलीच्या आजीनं पदरानं डोळे टिपले. त्यांना खरं अजून कुणी सांगितलेलं नाही.

नानांचं दैवत अमेरिकेत आहे. तिकडे 1981 साली अमेरिकन एअरलाइन्सनं 'आमच्याच विमानानं फिरा, मैल साठवा' ही योजना काढली आणि बाकीच्यांनी तिचा कित्ता गिरवला. पुढे 1999 मध्ये डेव्हिड फिलिप्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरनं एका कंपनीच्या पुडिंगवरची मैलांची ऑफर नीट वाचली. जवळपास तीन हजार डॉलरमध्ये त्यानं बारा हजारांवर कप पुडिंग उचललं आणि बारा लाखांवर मैल पदरात पाडले. पुडिंग दिलं धर्मादाय संस्थेला, त्यांच्याचकडून लेबलं सोलून घेतली आणि वर दानाबद्दल करसवलतही मिळवली. नाना ही कथा सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगतात. आपल्याकडे अशी योजना आलीच तर शिऱ्याची तयारी आहे म्हणतात.

तोवर लाउंज आहे. कार्ड खरं आहे की नाही हे पाहायला मशीन दोन रुपये कापतं आणि दार उघडतं. त्या दोन रुपयांसाठी नाना विमानाच्या साडेतीन तास आधी पोचतात. आत सुरक्षा तपासणीपेक्षा मोठी रांग, कारण अख्खं पुणं साडेतीन तास आधी आलेलं असतं. नानांच्या ताटलीत उपमा, उपम्यावर इडल्या, इडल्यांना टेकून पेस्ट्री आणि पेस्ट्रीच्या क्रीममध्ये सांबार. काकूंच्या कार्डाला लाउंज नाही, म्हणून त्या बाहेर गेटपाशी खुर्चीवर, घरच्या पोळीभाजीचा डबा मांडीवर घेऊन. नाना जेवून येताना त्यांच्यासाठी टिश्यूत गुंडाळून एक मफिन आणतात. आता बँकांनी अट घातली आहे, की आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच दार उघडेल. ती रक्कम भरून काढताना नानांकडे तीन इस्त्र्या झाल्या. नाना अजूनही कपडे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडेच देतात, तो रोख घेतो ही त्यांची तक्रार आहे.

या सगळ्याचे पैसे कोण भरतं, हे मी एकदा विचारलं. नाना मोकळेपणानं बोलले. थोडे दुकानदार भरतो, म्हणजे तो भाव वाढवतो, म्हणजे रोख देणारा इस्त्रीवालाही त्याच्या दुकानात तेवढेच जास्त मोजतो. आणि बाकीचे भरतो तो कार्डावरची 'किमान रक्कम' भरून महिना ढकलणारा. त्याला महिन्याला साडेतीन टक्के व्याज, वर्षाचे बेचाळीस. "कुणी पोरगा फ्रिजचे हप्ते थकवतो, म्हणून मी विंडो सीटला बसतो," नाना म्हणाले. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण खिडकीची सीट त्यांनी सोडलीही नाही.

घरातल्या बाकीच्यांचं मात्र निराळंच चाललंय. काकू 17 मार्च 2023 पासून एसटीनं अर्ध्या तिकिटात माहेरी जातात. ओटीपी नाही, तिमाही नाही, कंडक्टरला "एक महिला सातारा" एवढं सांगायचं. नानांचे वडील पंचाहत्तरी कधीच ओलांडलेले. 2022 च्या ऑगस्टपासून त्यांना एसटीत तिकीटच नाही. ते सकाळी आधार कार्ड घेऊन निघतात, नृसिंहवाडीला दत्ताचं दर्शन घेतात आणि परत येऊन आजच्या बासुंदीचा भाव सांगतात. नाना त्यांच्याकडे पाहून कळवळतात. इतका प्रवास आणि एक पॉइंट नाही! स्वतः पासष्टीचे झाल्यावर एसटीत अर्धं तिकीट मिळतं, हे त्यांना ठाऊक आहे. पण अर्ध्या तिकिटावर पॉइंटही अर्धेच, हा त्यांचा मुद्दा आहे.

गेल्या महिन्यात बँकेची मेल आली: 'आपल्याला कळवताना आनंद होतो की' पॉइंटची किंमत आता पंचवीस नव्हे, वीस पैसे. नाना दोन दिवस जेवले नाहीत, लाउंज वगळता. तिसऱ्या दिवशी सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. विषय लिफ्टची दुरुस्ती, खर्च सव्वाचार लाख. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "आत्ताच्या आत्ता मी भरतो, सोसायटीनं मला सावकाश द्यावेत." टाळ्या पडल्या. ठराव एकमतानं मंजूर होत होता, इतक्यात खजिनदारांनी चष्मा पुसत विचारलं, पॉइंट कुणाचे? नाना म्हणाले, कार्डधारकाचे. तळमजलेवाले म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरत नाही, निदान पॉइंट तरी द्या. भाडेकरूंना पॉइंट मिळावेत का, यावर उपविधी उघडले गेले. चौथ्या मजल्यावरच्या आजी खाली पायऱ्यांवर बसून आहेत आणि सभा तहकूब होऊन अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा सुरू झाली आहे.