चारशे टक्क्यांची नजर

बंगळूरच्या एस. पी. रोडवर ग्राफिक्स कार्ड घ्यायला जाणारा हल्ली पुराव्यानिशी जातो. पुरावा म्हणजे गेममधला एक गोठवलेला क्षण, चारशे टक्के मोठा केलेला. विजेच्या तारेची कड एका कार्डावर पायऱ्यापायऱ्यांची, दुसऱ्यावर गुळगुळीत, लागला निकाल! एकेकाळी या परीक्षेत अर्थ होता. कडा गुळगुळीत करायला २००२ च्या रेडिऑन ९७०० कार्डाने प्रत्येक पिक्सेलमागे चार नमुने तिरक्या जाळीत घेतले, जीफोर्स एफएक्सने सरळ जाळीत, आणि जवळपास आडव्या-उभ्या कडांवर तो फरक नुसत्या डोळ्यांना दिसे. आज बहुतेक गेम आधीच्या फ्रेममधली माहिती उसनी घेऊन कडा मऊ करतात, याला टीएए म्हणतात. त्यामुळे चित्र थांबलं की सगळेच सज्जन. पळू लागलं की धावणाऱ्याच्या मागे पुसट सावल्या ओढल्या जातात आणि झाडाची पानं एकमेकांत कालवली जातात. थांबून टिपलेल्या स्थिरचित्रात नेमकं तेच दिसत नाही.

कुणी म्हणेल, डोळे फसतात, स्थिरचित्र निदान सर्वांना सारखं दिसतं. दिसतं खरं, पण चुकीची फूटपट्टी सर्वांनी वापरली म्हणून लांबी बरोबर येत नाही. शिवाय गेमचं स्वतःचं टीएए दोन्ही कार्डांवर जवळपास एकच असतं, तिथे कार्डांत डावं-उजवं कशाला? एनव्हिडियाचं डीएलएसएस आणि एएमडीचं एफएसआर या चित्र मोठं करण्याच्या तंत्रांत फरक जरूर आहे, तो पळत्या चित्रात तपासावा. (एनव्हिडिया आणि एएमडी, दोघांचीही मोठी अभियांत्रिकी केंद्रं याच शहरात आहेत, हातघाई मात्र गिऱ्हाइकांत.) तेव्हा दुकानदाराकडे चालता गेम मागा, आणि नाक पडद्यापासून हातभर लांब ठेवा.