मर्मरवाले आबा

पवन मावळातल्या आबांकडे भातखाचरं चार, म्हशी दोन आणि मर्मर एक. अभिमान मर्मरचा. लहानपणी घसा धरला, मग सांधे धरले. दोन्ही सुटले, पण जाताना हृदयाची झडप आखडून गेले. तिच्यातून रक्त जाताना होणारी घरघर, तीच मर्मर. "अशी मर्मर पुणे जिल्ह्यात नाही," असं कुणी मोठे डॉक्टर म्हणाले, की आबांनीच ठरवलं, याची चौकशी करायची कुणाची छाती नाही.

तळेगावला डॉक्टरकीच्या परीक्षा आल्या की आबांना पेशंट म्हणून बोलावणं येतं. आदल्या दिवशी दाढी, ठेवणीतली टोपी. कॉटवर असे पडतात, जणू मांडवात लोडाला टेकलेला मुलाकडचा मामा. समोरची मुलगी घामाघूम, स्टेथोस्कोप भलतीकडेच. आबा पंख्याकडे बघत पुटपुटतात, "पोरी, डाव्या कुशीवर वळू का?" ती मान हलवते. "आता ते उलटं कर, बेलची बाजू लाव. मी श्वास सोडला की ऐक." परीक्षक खाकरतात. आबा डोळे मिटतात. पण रोगाचं नाव मात्र कधी फोडत नाहीत. "आपण बांध दाखवायचा. नांगर तिचा तिनं धरायचा."

दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीन घ्यायला ते प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात. तिथल्या नव्या सिस्टरला पहिलाच धडा: "ताई, सुई जाड घ्या. हे औषध पिठल्यासारखं, बारीक सुईत तुंबतं. मग दोनदा टोचाल." ताईंना राग आला, सुई तुंबली, मग राग गेला.

सरकारी सेवेच्या बॉण्डवर आलेल्या डॉक्टर मॅडमनी कुणाला तीन वेळा जेवणानंतर गोळी लिहिली, तर आबा रांगेतूनच म्हणाले, "मॅडम, आवणी चाललीय. दुपारची भाकरी बांधावर, गोळ्या घरात फळीवर. न्याहारीला एक नि रात्री एक, असं बसतंय का बघा." मॅडमनी पुस्तक उघडलं. दोन वेळची गोळी निघाली. तेव्हापासून मॅडम आधी विचारतात, "जेवता कधी?" आणि आबा रांगेकडे वळून बघतात.

२००७ साली महाराष्ट्रात सरकारी आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. त्यातल्या जनसुनवाईत लोक तक्रारी मांडत, अधिकारी उत्तरं देत. लोक भांडायला जायचे, आबा शिकवायला. माईक हातात आला की तो परत घ्यायला दोन माणसं लागत. मात्र शिल्लक औषधं बाहेर फळ्यावर लिहा, हे आबांचंच म्हणणं. आता फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, आणि आबा शुद्धलेखन तपासतात.

अलीकडे एमबीबीएसच्या मुलांना गावातली कुटुंबं दत्तक देतात. आबांच्या वाट्याला केरळची एक मुलगी आली. "पन्नाशी उलटल्यावर दत्तक गेलो," ते पारावर सांगत सुटले, "आता तिकडच्या नारळात आपला हिस्सा." तिनेच त्यांना सांगितलं, की १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज नावाच्या डॉक्टरांनी धडधाकट माणसांना पेशंटचं सोंग शिकवून त्यांच्यावर विद्यार्थी तयार केले. आबांना हे मुळीच पटलं नाही. "सोंग? कण्हायचं शिकवाल. मर्मर कुठनं आणाल?"

पण पुढे धाप वाढली. पुण्याला जाऊन फुगा घालून झडप उघडायची, असं ठरलं. आबांचा एकच प्रश्न: "मर्मर जाणार?"

"बरीचशी जाईल."

"मग परीक्षा होऊ द्या."

मॅडमनी ऐकलं नाही. कागद केले, ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. फुगा झाला. आबा आता चढ न थांबता चढतात आणि वर जाऊन खिन्न बसतात. त्या वर्षी बोलावणं आलंच नाही. शेवटी टोपी घालून स्वतःच लोकलने तळेगावला गेले आणि मोठ्या सरांपुढे उभे राहिले.

"सर, थोडी राहिलीय. पण आता तिला कान लागतो. एमबीबीएसचं काम नाही, एमडीला बसवा मला."