वरची पट्टी

टोर्नेडोपंतांना तुम्ही ओळखता. नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टलवेन असो, आइंडहोव्हन असो की द हेग, जिथे चार मराठी घरं तिथे पाचवं त्यांचं. परवा आमच्याकडे ते मिसळ खायला आले होते. घर घ्यायचा विचार आहे, एवढंच माझ्या तोंडून निघालं, आणि पंतांनी ताटली बाजूला सारून लॅपटॉप उघडला.

"बघू, वरची पट्टी कोणती येते ते."

हे त्यांचं पालुपद. पट्टी म्हणजे टोर्नेडो चार्टमधली. कुठल्याही हिशेबात आठ-दहा आकडे बेभरवशाचे असतात. त्यातला एकेक घ्यायचा, बाकीचे जागच्या जागी ठेवायचे, त्याची कमीत कमी आणि जास्तीत जास्त किंमत घालायची, आणि उत्तर किती हलतं ते पाहायचं. जो सर्वांत जास्त हलवतो त्याची पट्टी सर्वांत लांब आणि सर्वांत वर. खाली बाकीच्या, उतरत्या भाजणीने. वर रुंद, खाली निमुळती अशी ती वावटळ पाहिली की पंतांचा चेहरा उजळतो. मिसळ तोवर गार झालेली असते.

आमच्या घराच्या शीटमध्ये मॉर्गेजचा व्याजदर होता, मागितल्याच्या वर किती बोली लावायची ते होतं, सोसायटीची वर्गणी होती, हीट पंप होता. बायको म्हणाली, "पण त्या बेडरूममध्ये ऊनच येत नाही."

"वहिनी, उन्हाची पट्टी खालून दुसरी आहे."

वर आली ती 'इथे किती वर्षं राहणार' ही. दोन टक्के ट्रान्सफर टॅक्स, नोटरी, एजंट हा खर्च एकदाच. तो तीन वर्षांवर वाटायचा की पंधरा, यावर सगळं अवलंबून. पंत निघून गेले. त्यानंतर आमच्याकडे या प्रश्नावर जी चर्चा झाली, ती वरच्या पट्टीतच झाली.

गणपतीच्या जेवणाचा अंदाजही त्यांच्याकडेच. मोदक किती लागतील? पाऊस, ट्रेनचं काम, मुलांच्या परीक्षा अशा ओळी मांडल्या. पावसाची पट्टी दिसेनाशी निघाली. पाऊस बघून घरी बसायचं ठरवलं तर नेदरलँड्समध्ये लग्नंसुद्धा होणार नाहीत. वरची पट्टी होती व्हॉट्सअ‍ॅपवर 'नक्की येतो' लिहिणाऱ्यांची. त्यातले निम्मे येत नाहीत, आणि येतात ते सासूसासऱ्यांना घेऊन येतात. अंदाज बरोबर आला, हे नाइलाजाने सांगतो.

एक्सेलशी मात्र त्यांचं जुनं वैर. बार चार्टमध्ये एक्सेल पहिली ओळ तळाला काढतं, त्यामुळे नीट क्रम लावलेली वावटळ डोक्यावर उभी राहते. पंत जीभ दाताखाली धरून उभ्या अक्षावर डबल-क्लिक करतात, 'कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर'वर टिक मारतात. मग खालचे आकडे टुणकन वर जाऊन बसतात, त्यांना पुन्हा खाली आणतात. सिरीज ओव्हरलॅप शंभर, नाहीतर कमीची आणि जास्तीची पट्टी एका ओळीत येत नाही. अक्ष शून्यावर न ठेवता मूळ उत्तरावर. आणि कुणी आळसाने सगळ्याच आकड्यांना 'दहा टक्के कमी, दहा टक्के जास्त' लावलेलं दिसलं की संतापतात. "व्याजदर आणि नळाचं बिल सारखेच हलतात का रे? प्रत्येकाला त्याची त्याची रेंज नको?"

२०१९ मध्ये सरकारने परदेशी नोकरदारांच्या थर्टी पर्सेंट रुलिंग या करसवलतीची मुदत आठ वर्षांवरून पाचवर आणली. सगळे भारतीय कपाळाला हात लावून बसले होते. पंत खुशीत. "मी खालची किंमत पाचच धरली होती!" तीन वर्षांची करसवलत गेली ती त्यांचीही, पण पट्टी बरोबर निघाली होती.

पुण्याहून पाहुणे आले की त्यांना कॉयकनहॉफचे ट्यूलिप हवे असतात. पंत त्यांना झेलँडमधल्या आउवरकेर्कला नेतात, पुराच्या संग्रहालयात. १ फेब्रुवारी १९५३ च्या पुरात या देशात १,८३६ माणसं गेली. आउवरकेर्कचं खिंडार नोव्हेंबरमध्ये काँक्रीटच्या प्रचंड पेट्या बसवून बुजवलं. त्याच पेट्यांत आज संग्रहालय आहे. तिथे पंत हलक्या आवाजात डेव्हिड व्हॅन डँटझिगबद्दल सांगतात. या गणितज्ञाने १९५६ मध्ये बांध किती उंच बांधावा हे मांडलं: एका बाजूला उंची वाढवण्याचा खर्च, दुसऱ्या बाजूला बांध फुटला तर होणारं नुकसान. पुढे हॉलंडच्या मध्यभागासाठी दहा हजार वर्षांतून एकदा येईल अशा पुराचा निकष ठरला. "एक्सेलशिवाय, हं!" पाहुणे ट्यूलिपची चौकशी करतात.

इतरांची घरं मांडून देणारे पंत स्वतः मात्र वर्षानुवर्षं भाड्याच्या घरात. कारण त्यांच्याकडे 'परत' नावाची एक फाइल होती. मोदकांचं शीट शोधताना माझ्यासमोर चुकून उघडली गेली. पुण्याला कधी जायचं, याचा टोर्नेडो. वरची पट्टी मुलीच्या शाळेची; इथे बाराव्या वर्षी कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं ते ठरतं, मग हलवणं अवघड. त्याखाली नोकरी, युरोचा भाव, बाणेरच्या फ्लॅटची किंमत. अगदी तळाशी 'आईबाबा' आणि पुढे पट्टीच नाही. मला वाटलं फॉर्म्युला बिघडला. सेलवर क्लिक केलं, तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त, दोन्हीकडे एकच आकडा. तो हलत नाही म्हटल्यावर पट्टीची लांबी शून्य, आणि क्रमात तळाला.

"पंत, इथे रेंज घालायची राहिली."

"राहिली नाही." त्यांनी फाइल बंद केली. "खालची किंमत टाइप करवत नाही रे."

मोदकांचं शीट मग पंतांच्या बायकोने शोधून दिलं.

गेल्या वर्षी पंतांनी अ‍ॅमस्टलवेनमध्ये घर घेतलं. मॉर्गेजचा व्याजदर वीस वर्षांसाठी फिक्स केलाय.