देवी जाग्यावर असती

कळंब्यात राहतो म्हटलं की कोल्हापुरात पुढचा प्रश्न ठरलेला : "आत, का बाहेर?" मध्यवर्ती कारागृहाने आमच्या पत्त्याला हे वजन मिळवून दिलंय. त्याच भिंतींआड बंदी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळायचे, असं सांगून मी विषय गोड करतो. तलावाचं मात्र कुणी विचारत नाही. कात्यायनीच्या डोंगरातून उतरणारं पाणी अडवून केलेला हा तलाव. एकेकाळी त्याचं पाणी शहरात 'पाण्याच्या खजिन्या'त जाऊन पडे. आता तो सांडव्यावरून वाहू लागला की निम्मं शहर बघायला येतं आणि कणसं भाजणाऱ्यांची दिवाळी होते.

पुण्याचा भाचा आला तो जंगलात चालायचं म्हणूनच. त्याला राधानगरी अभयारण्य हवं होतं. १९५८ सालचं, राज्यातलं पहिलं, ३५१ चौरस किलोमीटर, ही सगळी माहिती त्याच्या फोनमध्ये होती. शेजारच्या अण्णांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"गवा बघायला दाजीपूरपतोर ऐंशी किलोमीटर जायाचं, आणि त्यो दिसला न्हाई तर?" अण्णा म्हणाले. "हितनं कात्यायनी करू. देवी जाग्यावर असती."

याला उत्तर नव्हतं.

सकाळी भाचा अवतरला तो पाठीवर पाण्याची पिशवी, पिशवीतून तोंडापर्यंत नळी, हातात दोन काठ्या आणि मनगटावर घड्याळ असा. ते घड्याळ पावलं, ठोके आणि चढ मोजायचं. वेळही दाखवायचं म्हणे. अण्णांच्या पायात करकरणारी कोल्हापुरी आणि हातात चार पुडांचा डबा. मी दोघांच्या मधोमध, म्हणजे डबा नजरेआड होणार नाही इतक्या अंतरावर. तलावाकाठी टिटवी ओरडली, दोन बगळे उडाले. भाच्याने नोंद केली. अण्णांनी डब्यात झुणका, भाकरी आणि खर्डा असल्याची नोंद दिली.

निसर्गाने खरा घात केला तो गुऱ्हाळाच्या रूपाने. ऊसतोडीचे दिवस, उकळत्या रसाचा वास वाऱ्यावर आला आणि अण्णांची दिशा आपोआप बदलली. चुलवाणात चिपाडं धडधडत होती, काहिलीत रस उसळत होता. "पाक किती डिग्रीला होतो?" भाच्याने विचारलं. गुळव्याने त्याच्याकडे दयेने पाहिलं, थोडा पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी धरली आणि म्हणाला, "एवढ्याला." मग वाट्यांतून काकवी आली. भाचा तिच्या कॅलरी मोजू लागला. त्याचा हिशोब होईतो अण्णांची दुसरी वाटी संपली.

बाहेर पडताना अण्णांना धाप लागली. भाचा घाबरला. ठोके कळावेत म्हणून त्याने स्वतःचं घड्याळ अण्णांच्या मनगटावर बांधलं. ठोके अगदी ठीक निघाले. "तुम्ही व्हा फुडं, मी सावकाश येतो," अण्णा म्हणाले. डबा मात्र त्यांनी माझ्याकडे दिला नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, पण चढ सुरू झाला आणि संशयाला लागणारा दमही उरला नाही.

आम्ही पायवाटेने, करवंदीच्या जाळ्यांत बाह्या अडकवत, डोंगराला लागलो. एक मोर ओरडला, दिसला नाही. भाच्याच्या नळीतलं पाणी संपलं. मग एक काठी माझ्याकडे आली, थोड्या वेळाने दुसरीही.

देवळाशी पोचलो तर अण्णा सावलीत, डबा उघडून बसलेले. दुधाच्या किटल्या घेऊन निघालेल्या एका ओळखीच्या पोराने मोटरसायकलवरून त्यांना थेट इथवर आणलं होतं. मनगटावरचं घड्याळ आनंदाने थरथरत होतं. त्याने आजवरची सर्वोत्तम कामगिरी नोंदवून ती भाच्याच्या पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपवर पाठवूनही दिली होती. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. शेवटी भाच्याला खरं लिहावं लागलं : आज घड्याळ आमच्या शेजारच्या अण्णांच्या हातात होतं, वय अडुसष्ट. मोटरसायकलबद्दल लिहिणार, तोच अण्णांनी त्याच्या हातावर भाकरी ठेवली, वर खर्डा. पहिल्या घासानंतर टाइप करण्याच्या अवस्थेत तो राहिला नाही.

तोवर ग्रुपने ठराव करून टाकला : पुढच्या महिन्यात कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि अण्णांनी यायलाच हवं. भाच्याने नाकातलं पाणी पुसत निरोप वाचून दाखवला.

अण्णांनी कांदा फोडला.

"येतो की," ते म्हणाले. "वाटंत कुणाचं दूध असतंय का, तेवढं इच्यारून ठेव."