नापास कुलकुल

आमच्या घरात दोन ख्रिस्ती पंथ नांदतात. मी सोलापूरचा, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचा, रेव्हरंड टिळकांची भजने टाळांवर म्हणणारा प्रॉटेस्टंट. आणि माझे कुटुंब वसईचे, म्हणजे 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावरही ज्यांनी आपल्या प्रार्थना आणि आपले फराळाचे डबे दोन्ही शाबूत राखले, त्या कॅथलिकांपैकी. या दोन पंथांच्या वैरातून 1618 साली युरोपात पेटलेले युद्ध तीस वर्षे चालले असे इतिहास सांगतो, तेव्हा ती मुदत मला फारच थोडी वाटते. कारण आमच्याकडे धर्मग्रंथाच्या अर्थावरून आजवर कधी आवाज चढला नाही, परंतु नाताळाच्या ताटात आत्याबाईंच्या करंज्या व शेंगापोळ्या श्रेष्ठ की सासूबाईंचे कुलकुल, हा तंटा दरसाल नव्याने दाखल होतो आणि दरसाल निकालावाचून तहकूब होतो.

यंदा सासूबाई स्वतःच सोलापूरच्या मोहिमेवर निघाल्या. ज्या जिल्ह्यात ज्वारी आणि ऊन यांखेरीज काही पिकत नाही, तिथल्या बाजारातील नारळावर भरवसा ठेवण्यास त्यांची तयारी नव्हती (डाळिंबाचे नाव काढण्याची माझी छाती झाली नाही). सबब मैदा, रवा, लोणी, साखर आणि वसईच्या नारळाचे घट्ट दूध यांचा भलाथोरला गोळा दुपारीच मळून, ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून आमच्याबरोबर रवाना करण्यात आला. सकाळी उतरताच तो वळायचा आणि दुपारपर्यंत तळून साखरेच्या पाकात घोळायचा, असा चोख बंदोबस्त होता. माझ्याकडे नेहमीप्रमाणे सामान मोजण्याचे काम आले. माझ्या हाताला कसलीच कला नाही, हे आमच्या कुटुंबात सर्वमान्य असल्यामुळे विवाहापासून मी मोजणी खात्यातच आहे, आणि तिथेही बढती मिळालेली नाही.

आमच्या गाडीचे नाव मी सांगत नाही, कारण मला परतही यायचे होते. मुंबई ते सोलापूर अंतर 455 किलोमीटर. 1860 साली आगगाडी सोलापुरास पोहोचली खरी, पण बोरघाटातून रूळ जायला 1863 साल उजाडावे लागले. मधल्या काळात उतारू खोपोलीस उतरत, पालखीत बसून घाट चढत आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडी धरत. त्या भोयांविषयी मला त्या रात्री नितांत आदर वाटला. कारण आमची गाडी दौंड सोडून थोडी पुढे गेली आणि एका अंधाऱ्या माळावर जी उभी राहिली ती राहिलीच. इंजिन निकामी झाले आहे, असे कोणी म्हणाले. दुसरे येत आहे, असेही कोणी म्हणाले. ते कोठून येत आहे, हे मात्र कोणीच म्हणाले नाही.

मध्यरात्री सासूबाईंनी डब्याचे झाकण उघडून वास घेतला आणि त्यांचा चेहरा पालटला. नारळाच्या दुधाने मळलेला गोळा रेल्वेच्या वेळापत्रकाची गय करीत नाही, तो आंबतो. त्यांनी तत्काळ फर्मान काढले: सर्वांनी उठावे, हात धुवावेत आणि कुलकुल वळावेत. त्यांच्या पिशवीतून कोरे करकरीत कंगवे निघाले, बर्थवर वर्तमानपत्रे आणि त्यांवर स्वच्छ पंचा अंथरला गेला, आणि निद्रिस्त पोरांना बखोटीला धरून सेवेत रुजू करून घेण्यात आले. सुपारीएवढी गोळी घ्यायची, ती कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने पातळ दाबायची आणि एका कडेने अलगद उचलीत उलटी वळत न्यायची, की पाठीवर रेघा उमटलेली शिंपली तयार होते. निदान इतरांची होते. माझी सासूबाईंनी उजेडात धरून पाहिली आणि एक शब्द न बोलता पुन्हा गोळ्यात कालवून टाकली. वरच्या बर्थवरील गृहस्थांनी दिवा मालवण्याची रीतसर मागणी केली. त्यांच्या हातीही एक कंगवा देण्यात आला.

समोरच्या खालच्या बर्थवर एक आजी होत्या. भिवंडीला लेकीकडे राहून परतत होत्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी बोली तेलुगू. बराच वेळ त्या माझ्या बोटांकडे पाहत राहिल्या. ते त्यांना अखेर असह्य झाले.

"असं न्हवं ओ भाऊ," त्या म्हणाल्या, "अंगठा दाबू नका, फिरवा."

हात धुऊन त्या पंचाशी आल्या, सासूबाईंचा एक कुलकुल निरखला, आणि मग जे घडले ते मी केवळ पाहत बसलो. आजींनी उभा जन्म विड्या वळल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून पत्र्याच्या मापाने कातरलेले तेंदूचे पान, चिमूटभर भर, एक फेर, टोक मोडून दोऱ्याची गाठ. मजुरी हजार विड्यांमागे, आणि कारखान्यात पोचवायला गेल्यावर जी विडी तपासनिसाच्या डोळ्यांत भरणार नाही ती बाद. सोलापुरात हजारो बायांची घरे याच हिशेबावर चालली आहेत. त्या मजुरीचा आकडा आजींनी सांगितला तेव्हा मला त्या तपासनिसाचा असा संताप आला की, हातातल्या कुलकुलाचा तर चेंदामेंदाच झाला.

आजींची गती पाहून सासूबाईंनी स्वतःचा कंगवा खाली ठेवला. हा मान त्यांनी वसईतही कोणाला दिलेला मला ठाऊक नाही. आजी वळत होत्या आणि हाताला सवय जडलेली म्हणून पंचवीस-पंचवीसांचे वाटे लावीत होत्या, विड्यांच्या कट्ट्यात असतात तसे. म्हणजे माझे मोजणी खातेही गेले. मधूनच एखादा कुलकुल उचलून त्या बाजूला टाकीत आणि माझ्याकडे न पाहता म्हणत, "नापास."

गोळा संपत आला तेव्हा त्यांनी बोटे नाकाशी नेली.

"तंबाकूचा वास जात न्हाई म्हणून नातू माज्या हातचा घास खात न्हाई," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "आज नारळाचा येतोय."

सासूबाईंनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्या माउलीने माझा हात असा कधी धरलेला नाही, आणि त्याची कारणे पंचावर पडलीच होती.

दुसरे इंजिन पहाटे आले. सोलापुरात शिरताना सिद्धेश्वराचे तळ्यातले देऊळ आणि भुईकोट किल्ला रिक्षातून दिसले. दोन्ही जागच्या जागी होते. आजींनी पैसे तर घेतलेच नाहीत, पण पत्ता घेतला आणि नाताळाच्या दुपारी त्या नातवाला व शेंगांच्या चटणीच्या पुडक्याला घेऊन खरोखरीच आल्या. नातवाने आजीच्या हातून कुलकुल खाल्ला, मग स्वतः डब्यात हात घातला, आणि मग डबा उंच फळीवर ठेवावा लागला.

आत्याबाईंनी एक कुलकुल तोंडात टाकला, दुसरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि इतक्या वर्षांत प्रथमच कबूल केले की, वसईच्या हाताला वळण आहे बाई, सगळे कसे एका मापाचे. मी आजींकडे पाहिले. आजींनी सासूबाईंकडे पाहिले. सासूबाईंनी ती स्तुती मान किंचित लववून स्वीकारली, आणि मी तोंड उघडणार एवढ्यात मला चहाची साखर आणायला दुकानात पिटाळले.