लातूरकर व्हिएन्नात पाणी पितो

2024 साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि आमच्याकडची पोरं पोटासाठी जर्मन शिकू लागली. मी निवृत्तीनंतर निव्वळ भाव खाण्यासाठी शिकलो. सरावाला बर्लिन सोडून व्हिएन्ना निवडलं, कारण तिथं भाषा तीच आणि जेवण वरचढ, असं ऐकलं होतं.

जेवणाबद्दल तक्रार नाही. माझ्या बी-वन परीक्षेचं सार्थक पहिल्याच मेनूकार्डावर झालं. व्हीनर श्निट्झेल म्हणजे वासराचंच मांस, हे ऑस्ट्रियात नियमानं ठरलेलं आहे. डुकराचं असेल तर तसं लिहावं लागतं. हे मी बायकोला अस्खलित वाचून दाखवलं आणि दोघांनी बटाट्याचं सॅलड मागवलं. कायझरश्मार्न मात्र मी एकट्यानं संपवला: अंड्यांची जाड गुबगुबीत पोळी तव्यातच फाडायची, वर पिठीसाखर, शेजारी आलुबुखाराचा शिजवलेला गर. बायकोनं मारिलेनक्नोडल धरले. जर्दाळू पोटात घालून उकडलेले गोळे, वर तुपकट पावचुरा. "येळवसेचे उंडेच की हे," ती म्हणाली, "आंबील कुठंय?"

तर, पाणी.

व्हिएन्नात कॉफी मागवली की ताटलीत पाण्याचा ग्लास येतो, वर चमचा आडवा ठेवलेला. न मागता येतो, फुकट येतो, आणि आजूबाजूचे लोक तो अर्धा टाकून उठून जातात! हे पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं. 1873 साली सम्राट फ्रान्झ योसेफनं पहिली जलवाहिनी खुली केली. शंभरेक किलोमीटर पाणी नुसत्या उतारानं, पंपाविना येतं. 1910 मध्ये दुसरी झाली. हे सगळं मी जर्मनमधून वाचलं, आणि तेव्हापासून श्मार्न, श्ट्रूडल, झाखरटोर्ट हे सगळं पाण्याबरोबरचं तोंडीलावणं झालं. परीक्षेसाठी घोकलेली नाजूक विनंतीची रूपं राहिली बाजूला, माझा सगळा सराव एकाच वाक्याचा: "नोख आइन ग्लास वासर, बिट्टे." आणखी एक ग्लास पाणी. बायकोचा उरलेलाही मीच प्यायचो. शेजारच्या टेबलावरच्या अर्ध्या ग्लासाकडे माझी नजर गेली, तेव्हा तिनं टेबलाखालून पाय मारला.

ती नांदेडची. गोदावरीकाठची. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद आमच्या स्वयंपाकघरात अजून निकाली निघालेला नाही. पाण्याचा मात्र तिनं लग्नातच जिंकला. "असं काय करायलाव, पाणी कधी बघितलंच नाही का?" ती म्हणाली.

बघितलं होतं. 2016 च्या मार्चात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. पाच माणसं एकत्र आली की गुन्हा, आणि घागरी घेऊन एकटं कोण जातं? 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली: 10 वाघिणी, 5 लाख लिटर. पुढे 50 वाघिणींत 25 लाख. गाडीचं नाव जलदूत. स्टेशनवर तिच्या स्वागताला पुढारी होते, कॅमेरे होते, घोषणा होत्या. पाणी येतंय याचा आनंद आणि ते असं येतंय याची चीड, दोन्ही एकाच घशात. ती चीड अजून गेलेली नाही.

वेटरनं शेवटी विचारलंच, इतकं पाणी का? माझ्या जर्मनला पहिल्यांदाच खरं काम मिळालं. मी सावकाश, विभक्ती सांभाळून सांगितलं: "त्सू उन्स काम दास वासर मिट डेम त्सूग." आमच्याकडे पाणी रेल्वेनं आलं. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली आणि वाक्य दुरुस्त केलं: म्हणजे, तुम्ही रेल्वेनं आलात आणि गाडीत पाणी मिळालं नाही, असंच ना? मी म्हटलं, नाही, पाणीच आलं. तो म्हणाला, "मिट डेम आउटो?" टँकरनं? मी म्हटलं, टँकर तर नेहमीचेच. एवढ्या महिन्यांचं शिक्षण, एक निर्दोष वाक्य, आणि त्यावर विश्वासच बसेना कुणाचा.

"इंग्लिशमधी सांगा की," बायको म्हणाली. मी बधलो नाही. पेपर नॅपकिनवर इंजिन काढलं, मागे डबे, डब्यांवर थेंब, शेजारी 25 लाखांचा आकडा शून्यांसकट. तो बराच वेळ शून्यं मोजत उभा राहिला. मग आत गेला आणि काचेचा भला मोठा जग भरून आणला.

बायकोनं जग माझ्यापुढे सरकवला. "आता संपवा समदा. लातूरच्या इज्जतीचा सवाल हाय."