चार-सहा-दोन

प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ असतोच. लहानपणी रेल्वेच्या फलाटावर गेलेला आणि तिथून अजून घरी न परतलेला. आमच्याकडे अण्णा आहेत. विषय कोणताही काढा, तिसऱ्या मिनिटाला त्यात कोळशाचं इंजिन शिरतं. शेजारी भरताचं वांगं भाजायला ठेवलं की हे गॅलरीत येऊन म्हणणार, "वा! लोको शेड!"

अण्णांचं बालपण मिरजेचं, साठच्या दशकातलं. तेव्हा पुणे-मिरज लाइन मीटरगेज होती आणि कुर्डुवाडीकडून बार्शी लाइटची नॅरोगेज येई. १९७१च्या सुमारास ब्रॉडगेजही आली आणि मिरजेत तिन्ही गेज एकत्र नांदू लागले. हे अण्णा स्वतः रूळ टाकल्याच्या थाटात सांगतात. शाळा सुटली की पोरं यार्डाच्या भिंतीवर चढून बसत आणि गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर इंजिनांचे नंबर टिपत. वहीच्या पुढच्या पानांत काय होतं, हे अण्णांच्या मार्कांवरून कळतं.

पण नंबर ही त्यांची किरकोळ आवड. खरं वेड चाकांचं. पुढची लहान चाकं वाट दाखवतात, मधली मोठी ओढतात, मागची भट्टीचा भार पेलतात. याच क्रमानं ती मोजायची. वायपी म्हणजे चार-सहा-दोन, पॅसेंजरला लागणारी, ऐटबाज. वायजी म्हणजे दोन-आठ-दोन, मालगाडीची, कष्टाळू. टेंडरची, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याची, चाकं मोजायची नाहीत. तळमजल्यावरच्या एका सभ्य माणसानं ती मोजली होती. अण्णा त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

इथवर ठीक होतं. पुढं अण्णा माणसांचीही चाकं मोजू लागले. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीवरून दोन तास खडाजंगी झाली, तेव्हा मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "चार-शून्य-चार!" कुणाला कळेना. अण्णा उठून म्हणाले, "वाट दाखवणारे चार, मागून भार टाकणारे चार. ओढणारं कुणी नाही." टाकी अजून गळते आहे, आणि इतकं नेमकं निदान एकाही प्लंबरनं केलेलं नाही. आमच्या सेक्रेटरींना ते 'शून्य-आठ-चार' म्हणतात. बार्शी लाइटची सुरुवातीची इंजिनं तशी होती म्हणे. पुढं वाट दाखवायला काहीच नाही, मागं मात्र चौघांचा भार. सेक्रेटरींना तो बहुमान वाटतो.

माझ्या पुतण्याच्या लग्नात माइक त्यांच्या हाती कुणी दिला, याची चौकशी अजून चालू आहे. "१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली," अण्णांनी आशीर्वाद सुरू केला. "साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. तिन्ही दोन-चार-शून्य." नवरामुलगा घामाघूम. वधूपक्ष हे आकडे पत्रिकेशी ताडून पाहू लागला. शेवटी त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनीच, माइक काढून घेतला आणि म्हणाल्या, "बास. इंजिनाला पाणी भरायची वेळ झाली." अण्णा मुकाट पंगतीला बसले. त्यांचा ब्रेक काकूंच्या हातात होता.

मागच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त फायरमन राहायला आले, तेही मिरज शेडचे, हे कळलं तेव्हा अण्णा नवी कोरी वही घेऊन धावले. मीही गेलो, असा सामना चुकवायचा नसतो.

"काय दिवस होते हो ते!" अण्णा म्हणाले.

"दिवस कुठले? रात्रीच जास्त." गृहस्थांनी बाही वर करून कोपरावरचा भाजल्याचा डाग दाखवला. कॉलबॉय सायकलवरून येऊन अपरात्री दार वाजवायचा. मग ड्यूटीभर कोळसा. पुढ्यात भट्टी, पाठीला गार वारा. घरी परतल्यावर धाकटं पोर ओळखायचं नाही, रडायचं. डिझेलवर बदली झाली त्या दिवशी बायकोनं शिरा केला होता.

अण्णांनी वही उघडली. "पण तुमची आवडती कोणती? वायपी की वायजी?"

"फावडं एकच होतं," ते म्हणाले.

गेलेल्या जमान्यावर उसासे टाकणारे बहुतेक जण तेव्हा भिंतीवर बसलेले असतात, फावडं दुसऱ्याच्या हातात असतं. हे मी अण्णांना तोंडावर सांगितलं. ते जिना चढताना गप्प होते. मला वाटलं, सुटलो! दुसऱ्या दिवशी ते फायरमनच्या घरी शिऱ्याचा डबा पोचवून आले, आणि येताना त्या पोराचा, आता पन्नाशीच्या, फोन नंबर वहीत टिपून आले. आता दर रविवारी त्यालाही बापाच्या इंजिनांची माहिती ऐकावी लागते. बापानं त्याला त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

काकू गेल्या पावसाळ्यात वारल्या. तेव्हापासून अण्णा संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसतात. माइक काढून घेणारं कुणी नसल्यानं बोलणं थांबत नाही, आणि थांबवावं असं आम्हालाही हल्ली फारसं वाटत नाही.

परवा माझ्या मुलीनं घरातल्या सगळ्यांची चाकं लावली. मी, अर्थातच, मालगाडी. मग तिनं विचारलं, "आजोबा, तुमची?"

"शून्य-दोन-शून्य."

"असं इंजिन असतं?"

"नसतं बाळ. एका जोडीवर उभं राहत नाही ते." आणि आतल्या दिशेनं तोंड करून, "सूनबाई, चहात आलं जरा जास्त घाल."

मुलीनं वहीत त्यांचं चित्र काढलं, शेजारी आम्हा तिघांना जोडलं आणि हिशेब करून आकडा सांगितला. तिनं टेंडरची चाकंही धरली होती. अण्णांनी चष्मा लावून वही नीट पाहिली, आणि काही बोलले नाहीत.